संभाजीनगरहून सुटीच्या दिवशी बाहेर पडताना: एक दिवस, एकच दिशा

छत्रपती संभाजीनगरात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या माणसाचा पहिला रविवार बहुधा असा आखला जातो: सकाळी बीबी का मकबरा, मग दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि संध्याकाळी म्हैसमाळचा सूर्यास्त. भाड्याची गाडीही हीच यादी घेऊन येते. यादी पूर्ण होते, पण दौलताबादचा किल्ला अर्ध्यावरून उतरावा लागतो, कैलास लेण्यात पाऊण तासही मिळत नाही आणि म्हैसमाळला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. इथल्या जागा एकमेकींच्या जवळ आहेत, पण प्रत्येक जागा वेळ मागते. म्हणून एका दिवशी एकच रस्ता धरायचा आणि त्यावरची एक, फार तर दीड जागा बघायची. पुढचं सगळं नियोजन त्या हिशोबाने दिलं आहे.

आधी वार आणि महिना ठरवा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी असतात. घोटाळा होतो तो सोमवारची सुटी जोडून आली की. अशा वेळी अजिंठा शनिवारी किंवा रविवारी उरकून वेरूळ सोमवारसाठी ठेवायचं. उलटं केलं तर शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटक बघून परत यावं लागतं. दौलताबादचा किल्ला, मकबरा आणि मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी यांना आठवड्याची सुटी नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डोंगर हिरवे असतात, ओढे वाहत असतात, मात्र मराठवाड्यातला पाऊस लहरी आहे. जुलैतही कोरडे डोंगर दिसू शकतात, त्यामुळे धबधब्यासाठी निघताना आदल्या चार-पाच दिवसांत पाऊस झालाय का हे बघूनच निघा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारी बाराच्या पुढे काळा कातळ तापतो. तेव्हा सकाळी सहा-साडेसहाला घर सोडायचं आणि अकराच्या आत चढाई संपवायची.

काही दिवस मात्र मुद्दाम टाळा. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरची रांग काही तासांची होते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला पायी निघतात, त्या रस्त्यावर गाडी घालू नये. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास, पैठण वारकऱ्यांनी भरलेलं असतं. वारी बघायची असेल तर ती पर्वणीच, पण पक्षी किंवा पैठणी बघायला तो दिवस नाही. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात सगळ्याच जागांवर शाळांच्या सहली असतात.

मग वाहन

वेरूळ आणि पैठणसाठी एसटी पुरते. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या वेरूळवरून जातात. बसताना कंडक्टरला 'लेणी' असं स्पष्ट सांगा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्ध्या भाड्यात, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. चौघी जणी एसटीने वेरूळला गेल्या तर दुचाक्यांच्या पेट्रोलपेक्षा फार जास्त पडत नाही, शिवाय परतीला डुलकी काढता येते. वेरूळ रस्त्यावर काळीपिवळीही मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. सकाळची वेळ वाया घालवायची नसेल तर एसटी बरी.

दुचाकीवर एका दिवसात जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत राहा. म्हणजे दौलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ, पैठण. अजिंठा जाऊन-येऊन दोनशेच्या पुढे जातं. दुचाकीवर ते होतं, पण लेण्यांतली चाल धरून माणूस परतीला थकलेला असतो आणि संध्याकाळच्या सिल्लोड रस्त्यावर थकून गाडी चालवणं वाईट. अजिंठ्याला कार नेली तर १२ ते १३ लिटर पेट्रोलचा हिशोब धरा.

परतीचा प्रवास दिवस मावळायच्या आत संपेल असाच आखा. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि पुष्कळांना मागे दिवा किंवा लाल पट्टी नसते. गावागावांतले गतिरोधक रंगवलेले नसतात, समोरून येणाऱ्या दिव्यांत ते दिसत नाहीत. या भागात नव्याने गाडी चालवणाऱ्याला सर्वाधिक धोका या दोन गोष्टींचा आहे.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. गड आणि लेण्यांच्या वरच्या भागात पाणी विकत मिळत नाही. टोपी, हाताची विजेरी (मोबाईलची चालते, पण दौलताबादच्या 'अंधारी' या काळोख्या बोगद्यात दोन्ही हात मोकळे असलेले बरे), ओळखपत्र आणि सुट्टे पैसे, कारण तिकीट खिडकीवर इंटरनेट गेलं की ऑनलाइन पैसे अडकतात. खायला धपाटे न्या. ज्वारी, गहू आणि बेसनाचे, तीळ-लसूण घातलेले धपाटे दिवसभर मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी पुरते. दही वेगळ्या घट्ट डब्यात, आणि उन्हाळ्यात ते दुपारच्या आत संपवा. पोळी-भाजीची रस्सेदार भाजी पिशवीत सांडते, म्हणून ती नको.

तीव्र वासाचं अत्तर लावू नका. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, पितळखोरा, सगळीकडे कड्यांना आग्या मोहोळं असतात. वास, धूर, दगड मारणं यांनी ती उठतात. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड कापडाने झाकून सरळ लांब पळायचं, जमलं तर बंद खोलीत किंवा गाडीत. पाण्यात उडी मारणं हा उपाय नाही.

वेरूळ: पूर्ण दिवस द्या

शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद आणि मग घाट चढून खुलताबादवरून. या घाटात रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. कमानीतून एका वेळी एकच गाडी निघते, त्यामुळे रविवारी दहाच्या पुढे तिथे हमखास कोंडी होते. साडेआठच्या आत कमान ओलांडली तर त्रास नाही. उशीर झालाच तर घाट सोडून कसाबखेडा फाट्याच्या बाजूने जा. अंतर थोडं वाढतं, वेळ मात्र वाचतो.

आधी घृष्णेश्वर उरका. सकाळी आठच्या सुमाराला रांग लहान असते. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो, आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. सध्याच्या लाल दगडी मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. जवळचं शिवालय तीर्थ, पायऱ्या-पायऱ्यांचं दगडी कुंड, लोक न बघताच पुढे जातात, तसं करू नका. मालोजीराजे भोसल्यांची गढीही याच गावात आहे.

साडेनऊ-दहाला लेण्यांत शिरा. तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर थोडं कमी, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. एकूण ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. फाटकातून आत गेलं की समोरच १६ नंबरचं कैलास लेणं दिसतं आणि सगळे तिकडेच धावतात. तुम्ही उजवीकडे वळा. कैलासचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारी तीननंतर ऊन थेट शिल्पांवर येतं आणि तोवर सहलीच्या गाड्याही निघायला लागलेल्या असतात. म्हणून कैलास शेवटी.

उजवीकडच्या बौद्ध लेण्यांत ५, १० आणि १२ नंबरची नीट बघा. पाचव्या लेण्यात दोन लांब दगडी ओटे समांतर कोरलेले आहेत, असं दुसरीकडे सहज दिसत नाही. दहावं विश्वकर्मा लेणं, लोकांच्या तोंडी 'सुतार की झोपडी'. कातळाला लाकडी छताच्या वाशांचा आकार दिला आहे. वरच्या सज्जात चढून तिथून बुद्धमूर्तीकडे बघा, खालून तो परिणाम येत नाही. बारावं तीन ताल, तीन मजली. बाहेरून उघडंबोडकं दिसतं म्हणून लोक सोडून देतात, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बुद्धांच्या रांगा या लेण्याचं खरं वैभव आहेत. मग पंधरावं दशावतार लेणं. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सोडलं तरी चालेल.

जेवणानंतर २९ ते ३४ कडे जा. अंतर किलोमीटरच्या पुढे आहे, आत चालणाऱ्या छोट्या बसने गेलात तर पाय वाचतात. ३२ नंबरच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छताचं कमळ आणि खांबांचं कोरीव काम बघताना मानेला कळ लागते, तरी बघाच. २९ नंबरजवळ पावसाळ्यात वेलगंगेचा धबधबा कोसळतो. तिथला कड्यालगतचा रस्ता निसरडा होतो आणि बंदही ठेवतात. बंद असेल तर दोरीखालून जाऊ नका, खाली खोल दरी आहे.

तीनच्या सुमाराला कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कापत आणलेलं हे मंदिर. अंगणाची लांबी ऐंशी मीटरच्या वर आहे. आधी मंदिरात न चढता अंगणातून खालूनच प्रदक्षिणा घाला. दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायण, उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारत कोरलं आहे. दक्षिण बाजूलाच कैलास हलवणारा रावण आहे, आणि इथे सर्वाधिक वेळ थांबावं असं आमचं मत. नंतर ओवऱ्यांतून फिरा, मग वर मंदिरात. उत्तरेच्या बाजूने जिन्याने लंकेश्वर लेण्यात जाता येतं, तिथली गर्दी निम्म्यानेही नसते. सर्वांत शेवटी बाहेर येऊन लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढा. वरून मंदिराचं शिखर तुमच्या पायाखाली येतं आणि किती दगड काढून टाकला असेल याचा अंदाज तिथेच येतो. कठड्यावर बसून फोटो काढणं जिवावर बेततं.

वाटाड्या घ्यायचा असेल तर सरकारी परवान्याचं ओळखपत्र मागा, आणि निघण्याआधीच तीन गोष्टी ठरवा: पैसे, वेळ आणि कोणकोणती लेणी. 'सगळं दाखवतो' म्हटलं की प्रत्यक्षात फक्त सोळावं दाखवलं जातं.

दौलताबाद वेगळ्या सकाळी

वेरूळच्याच दिवशी दौलताबाद बसवायचं झालं तर किल्ला सकाळी आठ ते अकरा आणि लेणी साडेबारानंतर, एवढीच वाट आहे. तरी आम्ही तो स्वतंत्र अर्ध्या दिवसाला सुचवतो. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर आहे, सकाळी निघून जेवायला घरी येता येतं.

तिकीट २५ रुपये. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास. वर जायला-यायला आणि बघायला तीन तास धरा. महाकोटाच्या दरवाजांना हत्तींपासून राखण म्हणून बसवलेले लोखंडी खिळे बघून पुढे गेलं की हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि समोर चांद मिनार लागतो. मिनार पंधराव्या शतकातला, उंची साठ मीटरच्या वर. त्यावर चढू देत नाहीत. पुढे चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन इथे कैदेत होता. महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड. इथपर्यंत लहान मुलं आणि वडीलधारी माणसं आरामात येतात, आणि त्यांनी इथूनच परतावं.

पुढे खंदकावरचा पूल आणि मग अंधारी. कातळात कोरलेला हा वळणावळणांचा बोगदा शत्रूला चकवण्यासाठीच केलेला आहे. वटवाघळांचा उग्र वास असतो, पायऱ्या असमान आणि ओलसर असतात. नाकाला रुमाल बांधा, विजेरी पायाकडे धरा, छताकडे नाही. उजेड वर गेला की वटवाघळं उठतात आणि मागची माणसं घाबरून ढकलाढकली करतात. अंधारी संपल्यावर गणपतीचं देऊळ आणि वर बारादरी. तिथून थोडं वर सर्वोच्च बुरूज. खाली उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, सपाट तळव्याच्या गुळगुळीत चपला अजिबात नकोत. माकडं पिशवीतला प्लास्टिकचा आवाज ओळखतात, खाणं कापडी पिशवीत आणि पिशवी पोटाशी.

सीताफळाच्या हंगामात, साधारण ऑक्टोबरच्या आसपास, या रस्त्यावर बायका पाट्या घेऊन बसतात. घरी नेऊन दोन दिवसांनी खायची असतील तर डोळे उघडलेली पण कडक फळं घ्या.

खुलताबाद आणि म्हैसमाळ एकत्र करा. भद्रा मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे, शनिवारी गर्दी जास्त असते. दर्ग्यांच्या आवारात डोकं झाकून आणि चपला काढून जावं. खुलताबादपासून म्हैसमाळ बाराएक किलोमीटर. गिरिजामातेचं दर्शन आणि पावसाळ्यातलं धुकं एवढंच तिथे आहे, तेवढ्यासाठी दोन तास पुरतात. धुक्यात कड्याची कड दिसत नाही, गवत ओलं असतं, कठडा नसेल तिथून दहा पावलं आतच थांबा.

अजिंठा: उतरायचं कुठे, हे आधी समजून घ्या

अजिंठा गाव म्हणजे अजिंठा लेणी नव्हे. जळगाव किंवा भुसावळकडे जाणाऱ्या बसमध्ये बसून 'अजिंठा' एवढंच सांगितलं तर गावात उतरवलं जातं, आणि लेणी तिथून घाट उतरून दहाएक किलोमीटर पुढे आहेत. तिकीट फर्दापूरजवळच्या 'लेणी टी पॉइंट'चं मागा. स्वतःची गाडीही तिथेच ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर एसटीच्याच बसने. टी पॉइंटवर सुविधांचं शुल्क, बसचं तिकीट आणि लेण्यांचं ४० रुपयांचं तिकीट, असे तीनदा पैसे निघतात. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरल्याबरोबर विचारून घ्या.

लेणी नऊला उघडतात. शहरातून सकाळी साडेसहाला निघालात तर नऊ-साडेनऊला टी पॉइंट. सिल्लोडला चहा-नाश्ता करायचा, पुढे चांगलं मिळेलच असं नाही. सुरुवातीलाच चढाच्या पायऱ्या आहेत. वयस्करांसाठी डोलीवाले मिळतात, दर आधी ठरवा.

बहुतेक लोक पहिल्या लेण्याच्या दाराशी रांग लावतात, कारण ते पहिलं आहे. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून रांग सरकत नाही. सरळ शेवटाकडे, २६ नंबरला चला. तिथला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सात मीटरच्या आसपास लांब आहे आणि सकाळी तुम्हाला तो जवळजवळ एकट्याला मिळतो. मग उलट्या क्रमाने १९, १७, १६, १०, ९, २ आणि शेवटी १. नववं आणि दहावं ही सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीची चैत्यगृहं. दहाव्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपलं नाव कोरलं. लेण्यांची गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती त्याच वेळेपासून.

चित्रं बघण्याची एक रीत आहे. उन्हातून आत आल्यावर भिंत काळी दिसते आणि 'काहीच दिसत नाही' म्हणून लोक बाहेर पडतात. दाराच्या आत बाजूला उभं राहून तीन-चार मिनिटं काहीही बघू नका. डोळे अंधाराला सरावले की आधी पांढरे रंग दिसतात, मग लाल, मग चेहरे. मोबाईलचा दिवा लावला की ही सगळी तयारी वाया जाते, तुमची आणि शेजारच्यांचीही. फ्लॅशला बंदीच आहे, आणि दीड ते दोन हजार वर्षांचे हे रंग उजेडाने आणि श्वासाच्या दमटपणाने झिजतात, म्हणून ती बंदी मनापासून पाळावी. भिंतीला पाठ, पिशवी काहीही टेकू देऊ नका. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या एका बाजूला पद्मपाणी, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी. पद्मपाणीकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे थोडं सरका, चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात भिंतींपेक्षा छत बघा. सतराव्यात जातककथा सर्वाधिक टिकून आहेत, वेळ कमी असेल तर बाकी सोडून इथे बसा.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात, दर वेळी लेस सोडत बसण्यापेक्षा पट्ट्याच्या सँडल सोयीच्या. उन्हाळ्यात दगड भाजतो, म्हणून मोजे जवळ ठेवा. वाघूर नदीच्या पलीकडच्या टेकडीवरून लेण्यांचा घोड्याच्या नालासारखा पूर्ण वळसा दिसतो. चढाई अर्ध्या तासाची आहे, पावसाळ्यात सर्वांत सुंदर. चारच्या आत तिथून उतरायला लागा.

पैठण: हिवाळ्यात पक्षी, एरवी नाथ आणि पैठणी

चितेगाव, बिडकीन, ढोरकीनवरून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते लोकार्पण केलं. मातीचं धरण, २७ दरवाजे, मागे नाथसागर.

डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी या, सूर्योदयाला काठावर हजर राहा. एक गोष्ट लक्षात ठेवा: रोहित पक्ष्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी चिखलाची किनार उशिरा उघडी पडते, मग जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्यांची निराशा होते. अशा वर्षी फेब्रुवारी-मार्च बरा. काठाचा सुकलेला दिसणारा चिखल वरून कडक आणि खाली दलदलीचा असतो, त्यात गाडी तर नाहीच, पायही घालू नका. दुर्बीण घ्या, पांढरे कपडे नकोत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवाजे उघडले की बघायला गर्दी होते. पाणी पुलावरून किंवा उंच काठावरूनच बघावं. भोंगा वाजल्यावर गोदापात्रात एक क्षणही थांबायचं नाही.

गावात एकनाथांचा वाडा आणि गोदाकाठची समाधी बघून पैठणी केंद्रात जा. माग चालताना बघणं फुकट आहे आणि विणकरांना प्रश्न विचारलेले आवडतात. घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. मागे धाग्यांची जाळी दिसली तर ती यंत्रमागाची. दोन-अडीच हजारांत अस्सल हातमागाची रेशमी पैठणी मिळत नाही, कोणी कितीही शपथा घेतल्या तरी.

पितळखोरा आणि गौताळा

कन्नडपर्यंत साठेक किलोमीटर, पुढे कालीमठाच्या रस्त्याने पितळखोरा. ही लेणी वेरूळपेक्षा जुनी आहेत, इसवी सनापूर्वीची, आणि तिथे दिवसभरात मोजकी माणसं येतात. दरीत पायऱ्यांनी उतरावं लागतं, म्हणजे चढ शेवटी येतो, ऊन चढलेलं असताना. नऊपर्यंत उतरून अकराला वर यायचं. दुकान नाही, मोबाईलला रेंज भरवशाची नाही, एकट्याने जाऊ नका. चैत्यगृहाच्या खांबांवर जुनी चित्रं अजून दिसतात. गौताळा अभयारण्यात संध्याकाळपर्यंत बाहेर पडावं लागतं. चाळीसगावकडे उतरणाऱ्या कन्नड घाटात अतिवृष्टीत दरडी कोसळतात, तेव्हा घाटाच्या अलीकडूनच परता.

थंडीतला हुरडा

डिसेंबर-जानेवारीत दौलताबाद, खुलताबाद आणि पैठण रस्त्याच्या शेतांवर हुरडा सुरू होतो. आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगावी लागतात. कणसं सकाळी तोडलेलीच गोड लागतात, म्हणून दहा ते एक ही वेळ. जमिनीतल्या आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजून हातावर चोळली जातात. सुरती किंवा गुळभेंडी ज्वारी असेल तर दाणा सहज सुटतो. गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही सोबत. गरम असतानाच खा, गार झाला की चिवट होतो. भरपूर खाऊन वर घटाघटा पाणी पिऊ नका, ताक घ्या.

दोन दिवस मिळाले तर

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, विदर्भात येतं, पण संभाजीनगरहून दीडशेच्या आसपासच किलोमीटर आहे. जालना, सिंदखेडराजा, मग लोणार. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा. समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, आणि कारला किलोमीटरमागे साधारण दोन रुपये टोल लागतो. चढण्याआधी टायरची हवा आणि वय तपासा. सिमेंटच्या तापलेल्या सरळ रस्त्यावर सलग वेगात जुने टायर फुटतात, आणि रस्ता सरळ म्हणून डुलकी लागते. दर तासाने थांबा.

लोणारला शनिवारी दुपारी पोचून गावातलं दैत्यसूदन मंदिर आणि गोमुखाची धार बघा. विवर रविवारी पहाटे. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये तयार झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं हे विवर २०२० पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. खाली काठावर जुनी देवळं झाडीत आहेत. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, पिऊ नका, तोंडही धुऊ नका. नऊच्या आत वर चढा.

नांदेडला रेल्वेने जा, चार-पाच तास. सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकण्यासाठी मोठा रुमाल न्यावा आणि लंगरमध्ये मांडी घालून जेवावं. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ. हेमाडपंती मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं आधी बघा. गाभारा खाली आहे आणि वाट इतकी अरुंद की बसत-वाकत उतरावं लागतं, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच नमस्कार करावा.

तुळजापूर-नळदुर्ग लांब पडतं. तुळजापूरपर्यंतच पाच तासांच्या वर, म्हणून शुक्रवारी रात्रीच निघणं चांगलं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र सोडून दर्शनाला जा. नळदुर्ग तिथून पस्तीसेक किलोमीटर. बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, आणि नदी भरून वाहिली की नर-मादी हे दोन धबधबे त्याच्या अंगावरून कोसळतात. वरचं धरण सांडव्यावरून वाहत असेल तेव्हाच ते दिसतात, म्हणून तुळजापुरातून निघताना लॉजवाल्याला किंवा नळदुर्गच्या हॉटेलला फोन करून 'नर-मादी चालू आहे का' एवढं विचारा. चालू असेल तर भिजण्याची तयारी ठेवून सकाळी नऊच्या आत पोचा. बंद असेल तर पाणी महाल कोरडा आणि निवांत बघायला मिळतो, आणि उरलेला वेळ भक्कम बुरुजांना द्या.